अण्णांच्या तोंडाचा वास

माझ्या वडिलांवर मी सीताफळं चोरून खाल्ल्याचा आळ घेतला, तेव्हा ते मरणाच्या वाटेवर होते. माझा तपास मात्र उत्तम चालला होता.

आमचे अण्णा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. कन्नडच्या घाटात त्यांनी कधी ब्रेक चुकवला नाही, पण साखर काही आवरेना, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. त्याचा सगळा कारभार मी माझ्याकडे घेतला (कुणी दिला नव्हता!). ऑक्टोबरच्या उन्हानं सिडकोतलं आमचं घर तव्यासारखं तापलं. इन्सुलिन थंड ठेवतात, एवढं मला ठाऊक होतं. मग जितकं थंड तितकं चांगलं! मी बाटली उचलून थेट फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. रोज सकाळी ती तळहातावर चोळून वितळवायची आणि अण्णांना सुई टोचायची. "याला म्हणतात काळजी," मी बायकोला सुनावलंसुद्धा.

आठवडाभरात अण्णांची साखर तीनशेवर गेली, मग चारशेवर. ते तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले आणि दर अर्ध्या तासानं बाथरूम गाठू लागले.

"अण्णा, खरं सांगा, काय खाल्लं?"

"आरं, भाकर न् मेथी. तूच वाढली ना?"

रविवारी सकाळी त्यांच्या तोंडाला वास आला. गोडसर, थेट पिकल्या सीताफळाचा! कोपऱ्यावर दौलताबादच्या सीताफळांची गाडी उभी असायचीच. गुन्हा सिद्ध झाला होता, फक्त बिया सापडायच्या राहिल्या होत्या. मी गादी उलटली, उशीचे अभ्रे झटकले, पायजम्याचे खिसे बाहेर काढले. एक बी सापडेल तर शपथ!

"अहो, बियांसकट गिळली असतील का?" बायकोनं विचारलं.

तेवढ्यात अण्णांना उलटी झाली. मी तीतही बिया शोधल्या. (सांगायला लाज वाटते, पण शोधल्या!) मग मशीनवर साखर पाहिली, तर आकडाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. "सेल गेला वाटतं," असं म्हणून मी मशीन बाजूला ठेवलं. (ती अक्षरं 'हाय', म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी साखर, हे नंतर कळलं!)

आवाज ऐकून शेजारच्या शबानाभाभी धावत आल्या. अण्णा पलंगावर डोळे अर्धवट मिटून, चार मजले चढून आल्यासारखे धापा टाकत होते. भाभींनी जवळ जाऊन वास घेतला.

"भैया, फळबिळ काय नाय हे! शुगर लई चढली की असा वास येतो. माझ्या अम्मीला असाच येत व्हता."

"मग अम्मी...?"

"पूछू नका. आधी रिक्षा बोलवा, जल्दी!"

मी अनवाणीच रिक्षा आणायला धावलो. रिक्षात अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं होतं आणि जालना रोडचा एकेक सिग्नल लाल होता. सकाळपासून "कबूल करा" म्हणून दरडावणारा मी आता "खाल्ली असतील तर खाल्ली, अजून खा, पण बोला ना अण्णा!" असं रडकुंडीला येऊन विनवत होतो.

दवाखान्यात सलाईन लागलं, नळ्या लागल्या. "रक्तात आम्ल साचलंय. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन रोज देता ना?"

"एक दिवस चुकवलं नाही!"

"ठेवता कुठं?"

"बर्फात," मी छाती काढून सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोठलं की इन्सुलिन वाया जातं. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. आठवडाभर तुम्ही त्यांना जवळजवळ पाणीच टोचलंत."

म्हणजे चोर मीच होतो. पुढचे दोन दिवस मी आयसीयूच्या दाराशी बाकावर बसून काढले. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो. आत कुणाचंही यंत्र वाजलं तरी मी उठून उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत बोलावलं. डॉक्टरांनी अण्णांना हलवलं. "आजोबा, हे कोण? ओळखलं का?"

अण्णांनी डोळे किलकिले केले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि परत मिटून घेतले.

"डॉक्टर, मेंदूवर परिणाम झालाय! मला ओळखत नाहीत!" मी रडायलाच लागलो.

"वळखलं की," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "म्हून तर डोळे मिटले. याच्या हातात सुई हाय का, तेवढं बघा."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'रुग्ण पूर्ण शुद्धीवर.' नातेवाइकाबद्दल मात्र त्यांनी काही लिहायचं टाळलं.