रशियातली सासू

१२ एप्रिल १९७४. शेजारच्या काकींचे उडदाचे पापड. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पापड पाळीनं व्हायचे. आज एकीचे, उद्या दुसरीचे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. माझा पापड काही केल्या गोल होत नसे, म्हणून मला सगळ्यांनी मिळून वाचनावर बसवलं होतं. बाकीच्या लाटायच्या, मी मोठ्यानं वाचायची.

पुस्तकं आणायच्या त्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. आदल्या वर्षी त्यांनी एक फ्रेंच कादंबरी मराठीत आणली होती. तिच्यात दिवाणखान्यातल्या सामानाचं वर्णन अकरा पानं चाललं, तेव्हा आम्ही ती सोडली. या वर्षी रशियन आणली, उशीएवढी जाड.

“यापेक्षा मोठं काही लिहिलं गेलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“जाडीनं म्हणतायसा व्हय?” काकींनी विचारलं.

तीस पानं झाली. एकेका माणसाला तीन नावं, प्रत्येक नाव हातभर.

“ह्यो कोण पुन्यांदा? मगाशी मेला त्यो न्हवं?”

“तो याचा चुलता, काकी.”

“मग च्या कोण पितंय?”

“सगळेच.”

“मघापास्नं च्याच पितायत. कामधंदा न्हाय काय त्यास्नी?”

बाई चिडल्या. “आयुष्य असंच हळू चालतं. ते तसं दाखवणं हीच तर त्याची थोरवी.”

“आयुष्य घरात हाय की. त्येच ऐकायला हितं कशाला बसू?”

मला वाद मिटवायचा होता आणि काकींचं पीठ संपवायचं होतं. मी नावं काढून टाकली. म्हातारीला सासू केलं, जमीनदाराला थोरले दीर, धाकट्याच्या बायकोला धाकटी सून. पाचच मिनिटांत सगळ्या सरसावून बसल्या. थोरल्या दिराला शिव्या पडू लागल्या.

“नावं गेली की ती माणसं राहत नाहीत हो,” बाई हळूच म्हणाल्या.

“ऐकणाऱ्या उठून गेल्या तर नावं घेऊन काय करू?” मी म्हटलं.

मी पुढचं प्रकरण काढलं. धाकटी सून सासूच्या नकळत पत्रं लिहिते, आलेली उत्तरं ट्रंकेच्या तळाशी ठेवते आणि एका पहाटे गाडी जोडून निघून जाते. मी वाचलं तसं: सासू, सून, ट्रंक. वाचताना वर पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा काकींच्या सुनेचं लाटणं थांबलेलं होतं आणि काकी तिच्याकडे बघत होत्या.

“ही रशिया हाय का आमची माडी?” काकी म्हणाल्या.

बायका हसल्या. काकी हसल्या नाहीत. तेलाच्या हातानंच उठून माडीवर गेल्या. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला. परत आल्या तेव्हा हातात दोन कागद होते. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण एका कागदावर सुनेचा फोटो चिकटवलेला होता, आणि तो कधी काढला हे त्यांना माहीत नव्हतं.

“शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज हाय, आत्ती,” सून म्हणाली. “आन् शाळेचा दाखला.”

अर्ज बाईंनी आणून दिला होता. नवऱ्याला ठाऊक होतं. काकींना सांगायचं धाडस त्या दोघांनाही नव्हतं. सोमवारी मुदत संपत होती.

काकी माझ्याकडे आणि बाईंकडे वळल्या. “ठरवून वाचलासा न्हवं? माझ्याच घरात बसून, माझ्याच सुनंला पळून जायला शिकवतायसा?”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तसं सांगितलं, पण सासू-सून-ट्रंक असं माझ्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं होतं. काकींनी कागदांची घडी कमरेला खोचली. बायकांनी पोळपाटं उचलली. अर्धं पीठ ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं.

संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. चहाला हात लावला नाही.

“लांबच्या माणसाची गोष्ट लांबच राहू द्यायची होती,” त्या म्हणाल्या. “तीन नावं होती, बर्फ होतं. काकींना संशय आला नसता.”

“त्यांना झोप आली असती,” मी म्हटलं.

“आली असती तर बरं झालं असतं.”

कादंबरी थोर की कंटाळवाणी, हा वाद माझ्यापुरता तिथं संपला. कंटाळवाणी होती तोवर त्या पोरीचा दाखला जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कादंबरी आणि माझं पोळपाट-लाटणं घेऊन काकींकडे गेले. सून चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. मी तेच प्रकरण उघडलं आणि सगळी नावं जशीच्या तशी, अडखळत वाचली. काकींनी पानभर ऐकून घेतलं.

“ह्यात सासू कुठं हाय?”

“ही, लांब नावाची. सासू मी केली. चूक माझी आहे, पोरीची नाही. काकी, कागद सोमवारपर्यंत पोचायला पाहिजेत.”

काकींचा हात कमरेकडे गेला, तिथंच थांबला. मग त्यांनी पिठावरचं फडकं काढलं.

“आदी ह्ये लाट.”

मी लाटायला बसले. पहिला पापड वाकडा झाला, दुसराही.