आईच्या खोलीतला रेडिएटर

आयर्लंडमधल्या नावनच्या नंदूकाकांनी म्हाताऱ्या आईला किचनमध्ये झोपवलंय, ही बातमी दिवाळीच्या आधीच लांबच्या नास गावातल्या मराठी घरांपर्यंत पोचली होती. सांगणारा बदलला की बातमीचा सूर बदलायचा. पुण्याकडच्या सुरात ती हळहळत यायची: अगं, फ्रिजशेजारी म्हणे, सोफ्यावर, एवढं मोठं घर असून. मुंबईकडच्या सुरात ती खांदे उडवून यायची: अरे यार, बायको हॉस्पिटलमध्ये, हा लॅपटॉपमध्ये, म्हातारीचं बघणार कोण.

यातला सोफा खरा होता आणि फ्रिजही खरा होता. झोपवलं मात्र कुणी नव्हतं. वासंतीआजी स्वतःच एका सकाळी गोधडी काखेत मारून किचनमध्ये गेल्या, कारण घरात उबेची म्हणावी अशी तेवढीच जागा होती. आणि त्यांच्या रिकाम्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर, कानटोपी घालून नंदूकाका झोपत होते. तिथली थंडी नेमकी कशी आहे, हे त्यांना स्वतःच्या हाडांना विचारायचं होतं.

नंदूकाका, म्हणजे नंदकुमार देशकर, मूळचे वर्ध्याचे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठं मोडतं ते शोधायचं, हे त्यांचं काम. बोलतानाही ते शोधत असल्यासारखेच बोलतात. वाक्याच्या मध्ये थांबतात, चष्मा पुसतात, आणि शेवटचा शब्द बहुतेक वेळा गिळून टाकतात. त्यांचे वडील गेले तेव्हाही ते असेच अर्ध्या वाक्यासारखे राहिले. वडिलांचं दुखणं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. फोनवर आजी रोज "बरं आहे सारं" एवढंच सांगायच्या. परदेशातल्या मुलाच्या जिवाला घोर नको, म्हणून. काका वर्ध्याला पोचले तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. मग त्यांनी भेटायला येणाऱ्यांना चहा दिला, बँकेतली कामं उरकली, घराला कुलूप लावलं आणि आईला घेऊन आले. रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

इथं आल्यावर थंडीच्या पहिल्याच झटक्यात आजींना न्यूमोनिया झाला. स्वरूपाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, स्वतः डॉक्टर. त्यांनी सासूला त्यातून बाहेर काढलं आणि मग जेवणाच्या टेबलावर आवाज न चढवता सांगितलं, "नंदू, ही खोली उबदार राहत नसेल तर आईंना इथं ठेवणं बरोबर नाही. आणखी एक खोकला त्यांना झेपणार नाही. नाताळच्या आत काय ते ठरव."

परत पाठवायचं म्हणजे कुलूप लावलेल्या घरात पाठवायचं. तिथं आता कुणीच नव्हतं.

म्हणून काका त्या खोलीच्या मागे लागले. खोली उत्तरेची, गॅरेजच्या वर बांधलेली, तीन भिंती बाहेरच्या वाऱ्याला. खिडकीखाली एका पत्र्याचा जुना रेडिएटर, त्याच्यावर जमिनीपर्यंत पडदा, पुढ्यात पलंग. काकांनी पलंग हलवला, पडदा कापून आखूड केला. खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजली, भिंती आणि काच किती उष्णता बाहेर सोडतात त्याचा हिशेब केला, तेव्हा कळलं की हा रेडिएटर एवढ्या खोलीला निम्माही पुरणार नाही. मग दुहेरी पॅनेलचा, मध्ये पन्हळी पत्रे असलेला जाडजूड रेडिएटर आला. तो बसवायला डेक्लन फॅरेली हा प्लंबर आला.

डेक्लन हा श्वास आत ओढत इंग्रजीतलं "या" म्हणणाऱ्यांपैकी. हो म्हणतोय की दचकलाय, कळत नाही. रेडिएटर लावून त्यानं त्यावर घोड्याच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाला, शी'ल बी ग्रँड नाऊ, म्हणजे आता झकास चालेल. ती काही ग्रँड झाली नाही. रेडिएटर वरून गार लागायला लागला, तेव्हा काकांनी चावीनं आतली हवा सोडली. चावी जरा फिरवली की फुस्स व्हायचं, आणि पाण्याचा थेंब आला की बंद. मग तो खालून गार लागला. खाली गाळ बसलाय म्हणत डेक्लननं सगळी पाइपलाइन धुऊन काढली. बॉयलरच्या जवळचे रेडिएटर गरम पाणी आधीच गिळतात आणि लांबच्याला काही उरत नाही, म्हणून काकांनी घरभर फिरून जवळच्यांच्या तोट्या थोड्या थोड्या आवळल्या. आता आजींच्या खोलीतला रेडिएटर तव्यासारखा तापायचा. पण जरा वेळच. खोलीला ऊब चढायच्या आत तो पुन्हा निवायचा. काकांची मुलगी ईशानी शाळेच्या कोटातच सोफ्यावर बसायची आणि म्हणायची, बाबा, इट्स बॅल्टिक इन हिअर, म्हणजे इथं गोठायला होतंय. डेक्लननं किचनच्या प्रेसमधल्या, म्हणजे कपाटातल्या, बॉयलरपाशी कान लावला, श्वास आत ओढला आणि बॉयलर ग्रँड असल्याचं जाहीर केलं.

तरी सगळं घर एकदमच निवतं, हे काकांना खटकत होतं. दोष एका खोलीत नव्हता.

एका संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. खाली हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीवर आजींचं देवघर. इथं आल्या आल्या त्यांनी ती भिंत निवडली होती. लाकडी फळी, त्यावर देव, बाजूला आजोबांचा फोटो आणि सगळ्यात वर, छोट्या कोनाड्यात, अखंड तेवणारा नंदादीप. आजींनी दिव्यात तेल घातलं, वात सारली, हात जोडले आणि किचनमध्ये गेल्या. ज्योत मोठी झाली. दिव्याच्या बरोबर वर भिंतीत एक पांढरी डबी आहे. तिच्यावर घराचं तापमान दिसतं आणि तीच बॉयलरला चालू हो, बंद हो, असं सांगते. त्या डबीवरचा आकडा काकांच्या डोळ्यांसमोर एकोणिसाचा वीस झाला, विसाचा एकवीस झाला, आणि किचनमधला बॉयलर गप्प झाला. काकांच्या पायांना गारठा झोंबत होता. त्यांनी उठून दिवा आणि डबी यांच्या मधे तळहात धरला. तेवढ्याच जागेत उन्हाळा होता.

घर गारठत होतं ते दिव्यामुळे. आजी तो विझू देत नव्हत्या, आणि त्याच्याच पायी गोधडी घेऊन फ्रिजशेजारी झोपत होत्या.

काकांनी आजींना हे सांगितलं नाही. तो दिवा आजोबांसाठी आहे, असं घरात सगळेच धरून चालले होते. ज्या बाईनं नवरा गेल्यापासून एक वात विझू दिली नाही, तिला काय सांगायचं, की तुझ्या दिव्यानं तुला आजारी पाडलं? डेक्लनला फोन केला तर त्याला यात काही अडचणच दिसेना. डबी दुसऱ्या भिंतीवर नेतो, तुझ्या मम्मीला कळणारही नाही, म्हणाला. काका म्हणाले, विचार करून सांगतो. स्वरूपाकाकू म्हणाल्या, अरे, मग ने ना. तरीही डबी होती तिथंच राहिली. आणि तेवढ्यात आजींना पुन्हा खोकला लागला.

त्या सकाळी आजी फुलं वाहत होत्या. काका मागे येऊन उभे राहिले. चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"काहून उभा रे असा?" आजींनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. डबी, आकडा, बॉयलर. शेवटचा शब्द गिळला नाही. मग म्हणाले, "डबी गुपचूप हलवता आली असती. पण बाबांचं तू मला कळवलं नव्हतंस, आई. आता आपल्यात तसं नको."

आजींनी फुलांची परडी देवांपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "चुकलंच माह्यं. ते नको म्हने तुले सांगू, अन् म्याही ऐकलं." मग दिव्याकडे पाहून म्हणाल्या, "हा त्याइच्यासाठी नाही लावला रे. त्याइले आता दिव्याचं काय काम? तू आला, लोकाइले चहा देला, कुलूप लावलं. रडला नाही. म्या तुयासाठी लावून राह्यले हा."

त्यांनी नंदादीप दोन्ही हातांत घेतला, पदराचा आडोसा केला आणि सावकाश चालत समोरच्या भिंतीकडच्या स्टुलावर नेऊन ठेवला. ज्योत वाकली, पण विझली नाही. काका पायरीवर बसले आणि रडायला लागले, लहान पोरासारखे, नाक ओढत. आजींनी थांबवलं नाही. जवळ बसल्या आणि पाठीवर हात ठेवून खोकत राहिल्या. थोड्या वेळानं किचनमध्ये बॉयलर घुरघुरायला लागला.

संध्याकाळी उत्तरेच्या खोलीत स्वेटर नकोसा झाला. स्वरूपाकाकूंनी आजींची छाती तपासली, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि म्हणाल्या, "राहा इथंच." आजींनी गोधडी वर नेली.

हे सारं मला काकांनीच सांगितलं, आणि सांगावंच लागलं, कारण मी त्यांच्याशी पैज लावली होती. मी अनिमेष, शेजारच्या रेवतीचा मुलगा. डेक्लनचा उपाय कळला तेव्हा मी म्हणालो होतो, काका, तुम्ही आजींना कधीच सांगणार नाही, आपल्याकडे कुणीच कुणाला काही सांगत नाही, डबी हलवणार आणि वर "बरं आहे सारं" म्हणणार. हे मी आजींच्या आवाजात म्हणून दाखवलं होतं. काका हसले नव्हते. हरेल त्यानं हिवाळाभर आजींच्या वाती वळायच्या, एवढंच म्हणाले होते. आता रोज शाळेतून आलो की मी त्यांच्या खोलीत रेडिएटरला पाठ लावून बसतो आणि कापूस वळतो. माझी वात मधेच फुगते, टोकाला तुटते. आजी ती उलगडतात आणि कापूस परत माझ्या हातात देतात.