सदूमामाचं मत

सगळ्यात आधी माफी मागतो. सदूमामाबद्दल लिहायचा पहिला हक्क त्याच्या मुलांचा, नाहीतर खैतान भागातल्या खोलीत त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचा. मी त्याचा भाचा, इथे कुवेतमध्येच मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहायच्या असल्या की सगळे माझ्याकडे बघतात. पण हे मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. आणि गेलेल्या माणसाविषयी लिहिताना शोभणार नाही इतका राग यात येणार आहे... त्याचीही माफी आताच मागून ठेवतो.

मामा संगमेश्वरकडचा. शुवैखच्या एका गॅरेजात जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं बांधायचा. गाडी आली की तो आधी आठही स्पार्क प्लग काढून एका फडक्यावर ओळीने मांडायचा आणि त्यांच्या रंगावरून कुठला सिलिंडर पेट्रोल जास्त पितो, कुठला ऑइल जाळतो ते सांगायचा. मी मोबाइलवर काही शोधायला लागलो की म्हणायचा, "इंजिनीअर सायेब, आधी ह्यांची तोंडं बघा. डॉक्टर जीभ बघतो ना, तसं." मला ते अशास्त्रीय वाटायचं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा उत्तर मामाचंच लिहिलं, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात बु-फहद नावाच्या कुवेती गृहस्थाची गाडी आली. त्याच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात नवी घेतलेली, लांबलचक बॉनेटची, दोन दारांची. इंजिनच्या ब्लॉकलाच तडा गेलेला, म्हणजे दुरुस्ती नाही, दुसरं इंजिनच हवं. पर्याय दोन. एक, मूळ होतं त्याच मापाचं, साडेसात लिटरच्या जवळपासचं. दुसरं नऊ लिटरच्या वरचं, अवाढव्य. पहिल्याला आम्ही लहान म्हणायचो, यावरून दुसऱ्याची कल्पना यावी. लहान इंजिन, आहे त्या जागी, पंधरा दिवसांत बसलं असतं. मोठ्यासाठी रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, सगळं बदलायचं आणि बॉनेटही कापायचं. उन्हाळाभराचं काम.

त्याच सुमारास मामाच्या छातीत दुखायला लागलं होतं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी लवकर करा म्हणून सांगितलं. इथे कर म्हणून आईने किती विनवलं, पण त्याला ती गावाकडे, मामी जवळ असतानाच करायची होती. मुदीरने, म्हणजे गॅरेजच्या मॅनेजरने, सुट्टी मंजूर केली, ती अशी : ही गाडी पूर्ण कर आणि जा. अशी इंजिनं बांधणारा दुसरा माणूस त्याच्याकडे नव्हता.

शुक्रवारी मामा आमच्याकडे जहराला जेवायला यायचा. मी विचारलं, "मामा, खरं सांग, कुठलं बसवायचं?"

"लहान. ह्यात विचारायचं काय? त्या गाडीची हाडं त्याच वजनाची हायत. मोठं घातलं तर इथल्या ऑगस्टात सिग्नलला उभी राहून उकळेल."

"मग परवा बु-फहद येतोय, त्याला सांग हेच."

"नाय सांगणार."

आई भाकरी वाढता वाढता थांबली. मामा खाली बघून बोलला, "लहान बोललो तर पंधरा दिवसांत मी घरी. मग मी गाडीसाठी बोललो की माझ्यासाठी, हे मला तरी कसं कळणार? सुट्टी मधे आली ना रे, आता माझं मत चोख नाय राहिलं."

"अरे पण तुझं मत तर आधीपासून तेच आहे!"

"असेल. तूपण तिथे काय बोलायचं नाय. माझ्या दुखण्याचं तर नायच. माझी शपथ हाय तुला."

ही शपथ मी पाळली. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

बु-फहद इंजिनांची माहितीपत्रकं घेऊन आला. ती वाचून सांगायला मामाने मला बोलावून घेतलं होतं. आकडे वाचून झाले. बु-फहदने मामाला विचारलं, कुठलं? मामाने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "कुल्लो झेन." सगळंच चांगलं.  बु-फहद माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, याच्या मनात खरं काय आहे? ... मी कॉलेजात प्रेझेंटेशन देतो, प्राध्यापकांशी वाद घालतो. मी म्हणालो, "तो म्हणतो, दोन्ही चांगली आहेत." मामाने मान हलवली. बु-फहद म्हणाला, ठीक आहे, मोठं.

मोठं इंजिन मे महिन्यात आलं. जूनमध्ये रेडिएटर पुरेना म्हणून दुसरा मागवला. सुट्टी जुलैवर गेली, मग ऑगस्टवर. मामाने एकदाही कुरकुर केली नाही, उलट कार्ब्युरेटरमधली, पेट्रोल मोजून सोडणारी पितळी जेट आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून मला त्यांची भोकं दाखवायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही जेवायला त्याची वाट बघत होतो. सकाळी खोलीत कपडे वाळत घालताना तो कोसळला होता. शवपेटी विमानात चढेपर्यंतच्या कागदांवर सगळीकडे मीच सह्या केल्या, कारण मी शिकलेला.

त्यानंतर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, काय सरळ माणूस होता! मला उठून जावंसं वाटायचं. कसला सरळपणा? दुसऱ्याच्या गाडीपुढे स्वतःच्या जिवाला इतकं खाली बसवणं म्हणजे सरळपणा? तीस वर्षांच्या अनुभवाचं खरं मत, केवळ त्यात स्वतःचं भलं आहे म्हणून गिळून टाकायचं, हे त्याला कुणी शिकवलं? आणि मुदीर म्हणाला, काम जवळजवळ झालंच होतं, वाईट झालं. कशाचं वाईट झालं, ते मी विचारलं नाही. तिथेही गप्पच बसलो.

गेल्या आठवड्यात बु-फहद जहराला बाबांच्या दुकानात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. मामाच्या आजाराचं त्याला नंतर कुणाकडून तरी कळलं होतं. मी या वेळी गप्प राहिलो नाही. लहान इंजिन, सुट्टी, शपथ, सगळं सांगितलं, आवाज चढला तरी थांबलो नाही. बाबा मधे "अरे, अरे" करत होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाला, त्याला स्वतःलाही लहानच हवं होतं. वडिलांच्या गाडीचा तोच आवाज त्याला परत हवा होता. मामाच्या तोंडून फक्त हो ऐकायला तो आला होता. मामा "सगळंच चांगलं" म्हणाला तेव्हा त्याला वाटलं, या माणसाला आयुष्यात एकदा मोठं इंजिन बांधायचं असेल, भिडेपोटी बोलत नसेल. म्हणून त्याने मोठं सांगितलं... मामासाठी. लहान इंजिन त्याने आठवडाभर आधीच मागवून ठेवलेलं होतं. त्या दुपारी गॅरेजच्या दारातूनच फोन करून त्याने ते रद्द केलं.