बाबांना वाचून दाखवलेला गेम

ऑफिसातून घरी आल्यावर माझ्यात बोलण्याइतकं काही उरलेलं नसतं. पवईच्या एका कंपनीत मी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. तुमची वस्तू येणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, चूक आमची नाही, या तीन गोष्टी दिवसभर इंग्रजीतून, वाचणाऱ्याला फार लागणार नाहीत अशा बेताने लिहायच्या. मला ते चांगलं जमतं. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपरला उतरून सातच्या सुमारास घरी पोचले की हातपाय धुवायचे, लॅपटॉप उघडायचा आणि गेम लावायचा, असं त्या पावसाळ्यात सुरू झालं. खेळायची हौस होती असं नाही. कानात हेडफोन असले की कोणी काही विचारत नाही.

गेम साधा दिसायचा. हातात कंदील घेतलेली एक छोटी बाई समुद्राकाठच्या बंद पडलेल्या हॉटेलातून आपल्या बहिणीला शोधत फिरते. उड्या मारत, शिड्या चढत एकेक खोली पार करायची. ती पडली तर एक बटण दाबून ठेवायचं, की काळ मागे जातो. पडलेली बाई उलटी वर येते, फुटलेली काच जुळते, संगीतसुद्धा उलटं वाजतं. पण काही वस्तू पिवळ्या असतात आणि त्यांच्यावर काळाचा परिणाम होत नाही. सगळं मागे नेलं तरी पिवळी किल्ली जिथे जाऊन पडली तिथेच राहते. सगळी कोडी या फरकावर रचलेली. प्रत्येक खोलीच्या दारात इंग्रजीत चार-पाच ओळी यायच्या, त्या बाईच्या मनातल्या. गोष्ट काय आहे ते त्यांवरून आपण ताडायचं.

बाबा शेजारी येऊन बसायला लागले तेव्हा मला थोडा त्रासच झाला. ते विक्रोळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. निवृत्तीनंतर सकाळी पेपर आणि संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर मित्र, असा त्यांचा दिवस होता. पण उन्हाळ्यात त्यांना पेपरातल्या ओळी तुटक दिसू लागल्या. जिन्यात शेजारच्या काकूंची बादली दोनदा लाथाडली. मग मी त्यांना मुलुंडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

आमच्या घरात इंग्रजी माझ्याकडे आहे. आईबाबा दोघंही मराठी शाळेतले, मला मात्र हट्टाने इंग्रजी माध्यमात घातलेलं. म्हणून बँकेचा कागद, सोसायटीची नोटीस, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, सगळं माझ्यापुढे येतं. मी वाचते आणि मग एका वाक्यात सांगते. दहा वर्षांची असल्यापासून सांगते आहे. माझं मराठी घरगुती, त्यामुळे अवघड ते गाळायची सवय लागली, आणि पुढे पुढे वाईट तेही त्याबरोबर गळायला लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही फारसं नाही.

डॉक्टर माझ्याकडे बघून भराभर इंग्रजीत बोलले. काचबिंदू. मागची नस सुकत चालली आहे. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं आहे, उजव्याचं थोडं. गेलेलं परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकेल, सोडले तर तेही जाईल. बाबा माझ्या बाजूला हात मांडीवर ठेवून बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, काचबिंदू आहे, थेंब लिहून दिलेत, रोज घातले की होईल बरं.

आमच्या चाळीतून बिल्डिंगमध्ये आलेल्या बाबांच्या वयाच्या लोकांपैकी निम्म्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. पट्टी निघाली की दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर येऊन लांबच्या बसचा नंबर वाचून दाखवतात. बाबांनी यालाही त्याच रांगेतलं काहीतरी समजून घेतलं. मला ते दिसत होतं. मी त्यांचा समज तसाच राहू दिला. त्या दिवशी मी हाफ डे टाकला होता आणि परत जाऊन उत्तरं लिहायची होती.

तर असे ते संध्याकाळी माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायला लागले. पेपर होत नाही, जिना नको वाटतो, टीव्ही आईचा. पहिल्या दिवशी ते गप्प बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ती बाई बोलत का नाही? मी हेडफोन काढून ठेवले आणि दारातल्या ओळी त्यांना मराठीत सांगायला लागले.

कोडी सोडवण्यात ते माझ्यापेक्षा चांगले निघाले. मी दिसेल तिथून उडी मारायचे, पडायचे, काळ मागे न्यायचे, पुन्हा पडायचे. त्यांना ते बघवत नसे. "थांब गो," म्हणायचे. "आधी दरवाजा बघ. दरवाजा कशानं उघडतो? मग ते कशानं हलतं? असं मागे मागे ये." बंद पडलेलं मशीन असंच बघायचं असतं, जिथे थांबलं तिथून उलट चालत यायचं. एका खोलीत मी दोन संध्याकाळी अडकले होते, ती त्यांनी स्टुलावर बसल्या जागी पाच मिनिटांत सोडवली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, पोरीला एवढं शिकवलं, पण फिटर नाय झाली. आई आतून म्हणाली, एक आहे घरात तो पुरे. त्याने तरी कुठे नळाचा वायसर बदललाय अजून.

गोष्ट मात्र ते माझ्या तोंडून ऐकत होते. एका दारात लिहिलं होतं, 'ती थांबेन म्हणाली होती. मी ते खरं मानायचं ठरवलं आहे.' मी बाबांना सांगितलं, बहीण वाट बघतेय. दुसऱ्या दारात, 'कोणी कोणाला सोडलं हे मी आता विचारत नाही.' मी सांगितलं, दोघींचं भांडण झालं होतं, ते आता मिटलं. असं ठरवून काही केलं नाही. दिवसभर जे करते तेच केलं. त्यांना ती बहीण आवडायला लागली होती. जेवताना आईला सांगायचे की आज दोन खोल्या झाल्या, आता ती जवळच आहे.

नवव्या की दहाव्या खोलीत माझ्या लक्षात आलं की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात काही असलं की बाबा ते धरतच नाहीत. तिथे पिवळी शिडी होती. ते म्हणत होते, वर जायला काही नाहीच, खालूनच रस्ता असणार. मी बोट ठेवलं तेव्हा त्यांनी सगळी मान वळवली आणि म्हणाले, आता आली ही. मी म्हटलं, हो, आत्ताच आली.

मग मी फ्रिज उघडला. थेंबांची बाटली दारातल्या कप्प्यात, अंड्यांशेजारी असायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उघडलेली बाटली महिनाभरच वापरायची. या बाटलीवर मीच पेनने तारीख घातली होती, तिला आठ आठवडे होऊन गेले होते. बाटली उजेडात धरली. जवळजवळ भरलेली होती. नवी आणायची आठवण बाबांनी केली नव्हती आणि मलाही झाली नव्हती.

आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, त्यांनी दोन महिने झाले सोडलेत, काही फरक पडत नाही म्हणतात. तीन महिने घातले, बरं झालं नाही, उगाच डोळे चुरचुरतात. "मी दोनदा बोलले. मला म्हणतात, तुला काय कळतं, पोरीला डॉक्टरांनी सांगितलंय बरं होईल म्हणून, झालं का?" मग तिने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

मी तिला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग आता तूच सांग."

मला सांगता आलं नाही. चार दिवस मी त्यांना फक्त थेंब घाला म्हणत राहिले, आणि ते हो हो म्हणत राहिले. ऑफिसात बसून मी वाक्यं जुळवायचे. इंग्रजीत ती बरोबर यायची. मराठीत करायला घेतली की प्रत्येक वाक्यात एखादा 'थोडंसं' किंवा 'तसं' येऊन बसायचा. रोज सात वाजता घरी येताना वाटायचं, आज. मग लॅपटॉप उघडायचा आणि बाबा स्टूल ओढायचे. मी इतकी दमलेली असायचे की आणखी एक खोली खेळणं सोपं वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी शेवटची खोली आली. कोडं सोपं होतं. वरच्या मजल्यावर दोन खाटा, दोन्ही रिकाम्या, पांढऱ्या चादरींनी झाकलेल्या. भिंतीवर खिळ्याला एक कंदील, बाईच्या हातात होता तसाच, पण पिवळा. तिने आपला कंदील त्याच्या शेजारी टांगला. पडद्यावर ओळी आल्या. 'मी पोचले तेव्हा ती गेलेली होती. किंवा तिच्याआधी मीच निघाले होते. आता दोन्ही सारखंच आहे.' पडदा काळा झाला आणि गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

मी म्हणायला लागले, की आता त्या भेटतील.

"खाटा रिकाम्या आहेत," ते म्हणाले. "चादरी घातल्यात. एवढं दिसतं मला. भेटणार कुठे?"

मी सरकणारी नावं बंद केली.

"तू तर म्हणालीस ती वाट बघतेय."

"तसं लिहिलं नव्हतं, बाबा. नक्की असं काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हटलं तसं."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी मान वळवली, पूर्ण, म्हणजे मी त्यांना नीट दिसेन इतकी. रागावलेले वाटत नव्हते. एखादं कोडं दरवाजापासून मागे मागे बघताना बसायचे, तसे बसले होते. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांच्या कागदावर काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्या चार दिवसांत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, गेलेलं परत येणार नाही. डाव्याचं बरंच गेलंय. थेंब बरं करण्यासाठी नाहीत, आहे ते राखण्यासाठी आहेत. तुम्ही सोडलेत, तर आहे तेही जाईल.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "बेअरिंग गेला तर आम्ही साहेबाला सांगायचो, गेला. बघतो, होईल, असं नाही सांगायचो. नाहीतर त्यानं मशीन चालू ठेवलं असतं ना, तसंच." मग उठले, हाताने भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत आले नाहीत.

त्या रात्री आईने जुनी बाटली फेकली. रविवारी सकाळी मी नवी आणली. बाबांनी ती माझ्याकडून घेतली, पण थेंब आईकडून घालून घेतले. माझ्याशी ते तीन दिवस कामापुरतं बोलले. चौथ्या दिवशी डॉक्टरांची फाइल घेऊन आले आणि म्हणाले, वाच. आधी इंग्रजी, मग मराठी, काही सोडायचं नाही. तीन पानं होती. मला पाऊण तास लागला. दोन शब्दांना मराठी मिळेना, तेव्हा त्यांनी मला ते समजावून सांगायला लावले. समजावताना कळलं की ते मलाही नीट माहीत नव्हते.

दोन आठवड्यांनी मुलुंडला तपासणी होती. तिथे एका अंधाऱ्या खोलीत यंत्रात डोकं घालून बसवतात, आत कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. दाराबाहेर बटणाचा टक टक आवाज येत होता. मध्येच तो बराच वेळ थांबायचा. उजेड येत नव्हते म्हणून, की त्यांना दिसत नव्हते म्हणून, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

आत डॉक्टरांनी कागद पाहिला आणि नेहमीसारखे माझ्याकडे वळून इंग्रजीत सुरू झाले. बाबा म्हणाले, "साहेब, माझ्याशी बोला. हिंदीत चालेल." डॉक्टर थोडे ओशाळले. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि हळूहळू, हिंदी आणि मोडकं मराठी मिसळून त्यांना सांगितलं. डाव्या डोळ्याचं आणखी थोडं गेलं आहे. उजवा आहे तसाच आहे.

बाबांनी विचारलं, मध्ये थेंब सोडले होते, त्याने गेलं का?

डॉक्टर म्हणाले, असेल. नसेलही. घालूनही कधी कधी जातं. नक्की सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं की ते हो तरी म्हणतील किंवा नाही तरी. मी मांडीवरच्या फाइलीकडे बघत राहिले. बाबांनी पुढचं विचारलं, दोन थेंबांमध्ये किती वेळ ठेवायचा, एखादा बाहेर सांडला तर परत घालायचा का. डॉक्टर त्यांना बोटाने डोळ्याचा आतला कोपरा दाबून कसा धरायचा ते दाखवत होते आणि बाबा आपल्या डोळ्यावर तसं करून बघत होते. मला कोणी काही विचारलं नाही.

बाहेर रिक्षासाठी उभं असताना त्यांनी आईला फोन लावायला सांगितलं. मी लावून दिला. त्यांनी फोन कानाला धरला आणि म्हणाले, "डाव्याचं गेलं अजून थोडं. उजवा तेवढाच आहे. नाय, कशानं गेलं ते त्यांना पण माहीत नाही. हो, आहे ना बाजूला." मग फोन माझ्याकडे दिला आणि रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला, कारण ती पुढे जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला थांबली होती.