पाखरांचे यजमान

माणसांशी इतका तुसडा आणि चिमण्यांशी इतका अदबशीर माणूस उभ्या बेळगावात दुसरा नव्हता, आणि तो नेमका आमच्या नात्यात पडावा हे आमचं नशीब. हे माझ्या आत्याचे यजमान. कोर्टात कारकुनी करून पेन्शनीत निघाले आणि त्या दिवसापासून त्यांनी पाखरांची ताबेदारी पत्करली. पौषातल्या धुक्यात सगळं गाव पांघरुणात असताना हे गृहस्थ कानटोपी घालून, खांद्यावर घोंगडं टाकून परसात हजर. सुपात ज्वारीच्या कण्या आणि थाळीत पाणी, तेही कोमट! गार पाण्यानं त्यांचा घसा धरतो म्हणे. घरी आलेल्याला साधा चहा विचारायचं ज्यांना कधी सुचलं नाही, ते बुलबुलांच्या घशाची काळजी वाहत होते. एकदा निपाणीहून व्याही आले, तर त्यांना यांनी परसदारीच थोपवलं. "हलू नका. आधी ती जेवू देत, मग तुम्ही बसा." व्याही बिचारे दवानं भिजल्या धोतरानिशी कुडकुडत उभे.

हिवाळ्यात परीट पक्षी उतरले की यांच्या अंगात येई. "हिमालयापास्नं आलाय रं तो, चालत न्हाय, उडत!" असं मला दरवर्षी नव्यानं सांगत, जणू मी त्याला चालत आलेला समजत होतो.

लढाईच्या काळात धान्याचं रेशनिंग आलं, तरी सुपातल्या कण्या थांबल्या नाहीत. बायाबापड्या दुकानापुढं ताटकळत आणि हे पाखरांच्या पंगती उठवत. मी शाळामास्तर, मला अन्यायाची भारी चीड. मी तालुक्याच्या साहेबांकडे निनावी अर्ज धाडला.

चार दिवसांनी सकाळीच इन्स्पेक्टर आला. मी साळसूदपणे तिथंच उभा. त्यानं माळा पाहिला, कणगी पाहिली, चूल उकरायची तेवढी राहिली. सापडला एक डबा, तोही निम्मा रिकामा. "ज्वारी कुठं दडवलीय?" तो ओरडला.

आत्यानं पदर खोचला. "दडवायला हाय कुठं? दसऱ्यापास्नं रातचं जेवण सोडलंय यांनी. त्यांच्या वाटणीची भाकरी परसात जाती. कुणाला सांगू नको म्हणून माझ्या गळ्याची आण घातलीया."

इन्स्पेक्टरानं डब्याचं झाकण परत लावलं. यजमान मात्र त्याच्या पायाकडे बघत होते. "साहेब, जरा बाजूला व्हा. बुटाखाली कण्या आल्यात."

साहेब खरंच बाजूला झाला. जाताना हातातला अर्ज त्यानं त्यांच्यापुढं धरला. तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचलेली ती नजर कागदावरून फिरली, माझ्याकडे वळली आणि परत कागदावर गेली.

साहेब गेल्यावर ते म्हणाले, "नासाडीतली डी दीर्घ असती रं. तू ऱ्हस्व लिहिलीस."

एवढंच. अर्जाचं आत्याला त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढचे दोन हिवाळे ते होते. मी रोज तिकडे जायचो, पाणी कोमट करून द्यायचो. चुकलो म्हणायला रोज तोंड उघडायचो आणि रोज ते बोटानं खुणावायचे, गप्प राहा, पाखरं बुजतील. तसा मी गप्प राहिलो, आणि चुकलो म्हणायचं ते राहूनच गेलं.