लाइट गेली की थांबायचं

आमचा नवा अल्बम आला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी सगळ्यात जास्त एकच विचारलं: शेवटच्या गाण्यात मध्येच तो 'खट' आवाज कशाचा? मी दर वेळी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आता एकदाचं लिहून टाकतो.

आम्ही तिघं. ती अकोल्याची, गायची आणि गिटार वाजवायची. मी अमरावतीचा, ड्रमवर. आमचं घर पुजाऱ्याचं, तिथे घंटेपलीकडे काही बडवायची सोय नव्हती. तिसरा बेस वाजवणारा, मूर्तिजापूरचा, त्याच्या वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान. अमरावतीला एकाच कॉलेजात होतो. सुट्टीत मात्र सराव मूर्तिजापूरला, कारण ते आम्हा दोघांना मधलं पडायचं. मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडायचो, ती अकोल्याहून, आणि दुकानामागच्या गोदामात युरियाच्या पोत्यांना टेकून आमचा कारखाना सुरू व्हायचा.

ते भारनियमनाचे दिवस होते. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, फक्त लाइट ते वाचत नसावी. त्यामुळे गाणं सुरू केलं की ते संपवायची घाई. एकही गाणं दोन मिनिटांच्या वर गेलं नाही. आमच्या या पळापळीला पॉप-पंक म्हणतात, हे पुढे कोणीतरी सांगितलं. आम्ही लगेच हो म्हणालो, तसे केसही वाढवले.

गोदामाचा एक नियम होता. लाइट गेली की सगळ्यांनी थांबायचं. ड्रमला वीज लागत नाही, पण गिटार बंद पडल्यावर उरलेली माझी धडधड बेसवाल्याच्या वडिलांना सोसत नसे. ते दुकानातून ओरडायचे, "पोट्टे हो, आता तरी गिऱ्हाईकाचं ऐकू येऊ द्या!" हळूहळू माझ्या हातांना सवयच लागली. बल्ब विझला की हात थांबायचे, मला विचारायचेसुद्धा नाहीत.

मग अकोल्याचा कार्यक्रम आला. दुपारची वेळ, पडदे लावलेला हॉल. पहिल्या रांगेत तिचे बाबा. त्यांनी उभं आयुष्य भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवली होती आणि पोरीला स्टेजवर ऐकायला ते पहिल्यांदाच आले होते. दुसऱ्या गाण्यात लाइट गेली. ती थांबली नाही. माइक नाही, गिटारचा आवाज नाही, तरी ती अंधारात गातच राहिली. आणि मी काड्या खाली ठेवल्या.

पोरांनी शिट्ट्या मारल्या, हुर्यो उडवली. चार ओळी तिनं एकटीनं ओढल्या, मग तिचा आवाज फाटला. बाहेर आल्यावर तिच्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, "ढोलाले कुठी लाइट लागते, बापू?"

तिथेच 'चुकलो' म्हणालो असतो तर गोष्ट संपली असती. मी उलट तिच्यावरच तडकलो. "नियम नियम आहे. तू काहून थांबली नाही?" ती एवढंच म्हणाली, "तू होता ना बे मागं." त्यानंतर चौदा वर्षं आम्ही बोललो नाही. मधे तिचे बाबा गेले. मला कळलं होतं. अमरावतीहून अकोला काही परदेश नाही, पण मी गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, हे खरं. मी शिकवतो त्या कॉलेजात परीक्षेची कामं आहेत, असं मी घरी सांगितलं.

गेल्या वर्षी बेसवाल्याचा फोन आला. "गोदाम रिकामं हाये. ती येतो म्हनते. तू येऊन राहिला का नाही, तेवढं सांग." मी गेलो. ती भेटली, चहा झाला, केसांवरून एकमेकांची थट्टा झाली, माझे तर उरलेच नव्हते. त्या दुपारबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. रेकॉर्डिंगवाला लॅपटॉप घेऊन आला होता, त्याच्यापुढे सहा गाणी झाली. सातवं तिनं बाबांवर लिहिलेलं, चांगलं चार मिनिटांचं.

ते काही केल्या होईना. लाइट आता जात नव्हती, पण दोन मिनिटं होत आली की माझा वेग वाढायचा आणि मी गाणं आवरतं घ्यायचो. तीनदा झालं. "तुह्या मागं कोन लागलं हाये?" बेसवाला वैतागला. चौथ्यांदा सुरू केलं. दोन मिनिटं झाली, माझे हात पळायला लागले. तिनं गाता गाता गिटार पाठीवर सारली, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच पाडला.

खट.

बल्ब विझला. बेस बंद. माझे हात थांबले, सवयीप्रमाणेच. शटर ओढलेलं, खालच्या फटीतून तेवढा उजेड. ती मात्र गात होती, तशीच, त्या दुपारसारखी. मी पुन्हा काड्या उचलल्या आणि वाजवायला लागलो, हळू, तिच्या मागे मागे. तिचा आवाज फाटला तिथेही मी थांबलो नाही. चार मिनिटं कधी झाली कळलं नाही.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "बाबाले एवढंच ऐकायचं होतं."

रेकॉर्डिंगवाल्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला होता, हे आम्हाला नंतर समजलं. तिनं त्यातलं काहीच कापू दिलं नाही. म्हणून अल्बममध्ये तो 'खट' आहे. आवाज मोठा करून शेवटपर्यंत ऐकलंत, तर गाणं संपल्यावर एक माणूस नाक ओढत "चुकलो" म्हणतो, तेही आहे.