चार दाती गाडी

आमच्या जनार्दनने गाडी घेतली एकच, तीही वापरलेली. पण ती घेताना किस्से इतके साठले की डिकीत मावायचे नाहीत! भातसानगरच्या आमच्या ऑफिसात डबे उघडले की भाजीच्या आधी गाडीचाच विषय निघतो. सगळ्यांना सगळं पाठ आहे, तरी हसू येतंच.

जनार्दन आमच्याकडे क्लार्क, राहायला किन्हवलीला. त्याच्या आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, डोंगराकडे. दोन एसट्या बदला, वर चढ चढा. गुडघ्यांना ते झेपेना, म्हणून दोन वर्षं म्हातारीला माहेर दिसलं नव्हतं. या खेपेला माहेरच्या जत्रेला आईला दारातनं उचलायची आणि थेट मामाच्या दारात उतरवायची, असं जनार्दनने ठरवलं.

अडचण एकच, त्याचे बाबा. गाडी ठेवायला जागा होती फक्त गोठ्यात. गेल्या वर्षी बैलजोडी विकली तेव्हापासून बाबा घरात फारसे बोलत नसत. आता मात्र बोलले. "माज्या बैलांच्या जाग्यावर कायपन उभं नाय करायचं. जी उभी राहील ती मी बगून घेईन."

म्हणजे बजेट लेकाचं आणि पसंती बापाची!

*

जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. शहापूरचा एजंटही तेच म्हणाला, "एकहाती गाडी, डॉक्टरसाहेबांची. एक ओरखडा नाय."

जनार्दनने दार उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. डॉक्टर गुरांचे होते! मागच्या सीटच्या फटीत लेंड्या अजून शिल्लक होत्या.

बाबांनी मात्र आत डोकं घालून लांब श्वास घेतला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "जना, हीच घे!"

आई बाहेरूनच म्हणाली, "मला म्हायेरी जायचंय, गुरांच्या बाजारात नाय!"

*

आमचे सावंत म्हणजे ऑफिसचे गाडीतज्ज्ञ. स्वतःकडे सायकल, पण मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून ज्ञान अफाट. "गाडी वरून नाय, खालून बघायची," असं म्हणत ते गंज शोधायला एका गाडीखाली उताणे शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

तेवढ्यात एजंटचा माणूस चहा घेऊन आला. पाय बघून त्याच्या हातातला चहाच सांडला. "धावा रे, मानूस आला गाडीखाली!"

नाक्यावरची माणसं धावली. चौघांनी पाय धरून सावंतांना बाहेर ओढलं आणि एकाने तोंडावर पाणी मारलं. सावंत ओरडत होते, "अहो सोडा, मी इन्स्पेक्शन करतोय!"

एक बाई हळहळली, "डोक्याला लागलंय गो ह्यांच्या!"

*

त्या गोंधळात दुसरी गाडी राहूनच गेली. तिसरी छान होती. मालक म्हणाला, "नाक्यापर्यंत फिरवून आणा." नेमकी त्याच दिवशी जनार्दनच्या चुलतबहिणीची हळद! घरची सात माणसं गाडीत कोंबून जनार्दनने नाका ओलांडला तो थेट मांडवात.

दोन तासांनी मालकाचा फोन आला. "साहेब, कुठं आहात? आणि हा आवाज कसला?"

मागे डीजे दणाणत होता. जनार्दन ओरडला, "म्युझिक सिस्टम चेक करतोय!"

ती गाडी मात्र बाबांनी नाकारली. म्हणाले, "मिरवायची हाय ती. कामाची नाय."

*

जत्रा दोन दिवसांवर आली तेव्हा मुरबाडला चौथी गाडी बघायला गेलो. या वेळी जनार्दनने मलाही नेलं होतं. "ताई, बाईमानसाचं मत पायजे," म्हणे. मत शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही, ते सोडा.

विकणारा कल्याणचा तरुण पोरगा, गॉगल लावलेला. बाबांनी गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि दातांवरून बैलाचं वय विचारावं तसं विचारलं, "किती दाती?"

पोराला वाटलं इंजिनाचं विचारतायत. "फोर सिलेंडर आहे, काका."

"म्हंजे चार दाती! कवळीच हाय अजून." गाडी नऊ वर्षांची होती.

मग बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पोराच्या हातावर टाकला आणि खाली बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने नाही. पोराला यातलं काय माहीत! त्याला वाटलं, म्हातारा भावुक झालाय. त्यानेही प्रेमाने बोटं दाबली.

"ठरलं!" बाबा म्हणाले. "पंधरा हजार कमी केलं ह्यानं."

"काका, मी तर प्रेमानं दाबलं हो!"

"मग प्रेमानं दे."

आणि पोराने दिली की हो! त्याच संध्याकाळी गाडी किन्हवलीच्या गोठ्यात उभी राहिली. जत्रा परवावर होती.

*

दुसऱ्या दिवशी जनार्दन गाडी घेऊन ऑफिसला निघाला. गाडी सुरुवातीला जरा अडखळली, मग निघाली. रस्त्यात जो तो हात करून ओरडत होता. शहापूरच्या नाक्यावर तर रिक्षावाले उठून उभे राहिले. जनार्दनचा ऊर भरून आला. नव्या गाडीचं केवढं कौतुक! त्यानेही काच खाली करून सगळ्यांना हात केला.

ऑफिसच्या गेटात आम्ही सगळे पेढ्यांच्या आशेने उभे होतो. गाडी आत आली. मागच्या हुकाला दावं बांधलेलं, आणि दाव्याच्या टोकाला मातीसकट उपटलेला गोठ्यातला खुंटा, उड्या मारत!

जनार्दनने तिथूनच घरी फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून सावंतांनी स्पीकर चालू केला.

"बाबा, गाडी कशाला बांधली?"

पलीकडून बाबा म्हणाले, "उद्या तुज्या आयला म्हायेरी न्यायचीय ना? नवं जनावर पयल्या रातीला जुन्या घरी निघून जातं रे."